तेरा मिनिटांत अल्बम निकालात काढणाऱ्या आमच्या कट्ट्याला खुलं पत्र

कट्ट्याचे तिन्ही संयोजक आणि त्या रविवारी हात वर केलेले अकरा जण यांना,

स. न. वि. वि.

खरं तर हे पत्र तुमच्या हातातच देता आलं असतं, वडगावातून रेल्वेच्या दुसऱ्या गेटला सायकलवर यायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात, गेट पडलेलं असलं तर अजून दहा. पण ठराव तुम्ही सगळ्यांसमोर केलात, जिन्यातल्या भिंतीला कागद चिकटवलात, त्याचा फोटो काढून निम्म्या बेळगावला पाठवलात. मग उत्तर पण सगळ्यांनी वाचू दे की, त्यात काय.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टिळकवाडीत एका मित्राच्या घरी वरच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एकदा जमतो आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मराठी, कन्नड, कोकणी सगळे आहेत, बोलताना कोण कुठल्या भाषेत सुरू करतो आणि कुठल्या भाषेत संपवतो ह्याचा पत्ता नसतो. दर महिन्याला एकाची पाळी. माझी पाळी चौदा महिन्यांनी आली, ह्या जुलैत, आणि मी इंग्लंडच्या स्टीव्हन विल्सन ह्या गायक-संगीतकाराचा ‘द फ्युचर बाइट्स’ आणला. नऊ गाणी, ४२ मिनिटं. त्यातली चार वाजली. त्यातलं पहिलं तर जेमतेम एका मिनिटाचं आहे, म्हणजे हिशेब केला तर तेरा मिनिटांच्या आतच सगळं झालं. पाचवं सुरू होऊन त्यातला बास जरा कुठं अंगात यायला लागला तोवर कुणीतरी फोन उचलून गाणं थांबवलं आणि मग चर्चा, आणि चर्चा कसली, पंचायतच ती. शेवटी ठराव : ह्या माणसाचे २०१५ नंतरचे सोलो अल्बम कट्ट्यावर लावायचे नाहीत, त्याचा रॉक बँड पॉर्क्युपाईन ट्री चालेल.

मला हे मान्य नाही. माझा अल्बम नाकारला म्हणून रुसलोय असं समजू नका (थोडा रुसलोय, खोटं कशाला बोलू). पण न ऐकता नाकारला ह्याचा राग जास्त आहे.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. खडे बाजारात रेडीमेड कपड्याच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरला आहे. वडील मागावर साड्या विणायचे, वडगावात तेव्हा गल्लीगल्लीत मागाचा खटखट आवाज असायचा, माझ्या कानाला ताल लागला तो तिथं, कुठल्या क्लासात नाही. इंजिनियरिंगला असलेल्या एका दोस्तानं एक सीडी कॉपी करून दिली त्यात पॉर्क्युपाईन ट्री होते, आणि २००९ च्या डिसेंबरात ते आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवाला आले तेव्हा आम्ही तिघं रात्रीच्या बसनं गेलो होतो, दुकानात आजारी आहे म्हणून सांगून. त्या तिघांतला एक जण तुमच्या अकरात आहे. त्यानं हात वर केला तेव्हा मी त्याच्याकडं बघत होतो, तो माझ्याकडं बघत नव्हता.

आता तक्रारी. क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो, पण मी काही वकील नाही, इकडंतिकडं होईल.

पहिली तक्रार ऐकण्याबद्दलच. दुकानात एक प्रकारचं गिऱ्हाईक येतं, शर्ट समोर ठेवला की हात पण न लावता म्हणतं, ‘हे नको, दुसरं दाखवा.’ अहो घडी तरी मोडू द्या! घडी मोडल्याशिवाय कॉलर कशी बसते, आतली शिलाई कशी आहे काय कळणार तुम्हाला? ह्या अल्बमची घडी मोडते ती सातव्या गाण्यात. ‘पर्सनल शॉपर’ नावाचं जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं आहे ते, आणि तिथपर्यंत आपण पोचलोच नाही. आधीची गाणी त्याच्याकडं जायची वाट आहेत, स्वतःच्या प्रेमात पडलेला माणूस, मग त्याच्यामागं लागलेला बाजार, मग ती खरेदी. वाटेतच गाडी वळवून घरी आलात आणि म्हणताय की गाव बघण्यासारखं नव्हतं.

आणि हे गाणं माझ्यासाठी काय आहे ते मला त्या दिवशी सांगायचं होतं, सांगू दिलं नाही म्हणून इथं सांगतो. त्यात मधे सगळं थांबल्यासारखं होतं आणि एक आवाज नुसती वस्तूंची यादी वाचत जातो. तो आवाज एल्टन जॉनचा आहे, खरा एल्टन जॉन. गात नाही, वाचतो. ह्या वस्तू, त्या वस्तू, लागणाऱ्या, न लागणाऱ्या, आणि त्या यादीत डीलक्स बॉक्स सेट पण आहेत, म्हणजे आपल्यासारखे संगीतवेडे ज्याच्यावर पैसे घालवतात ते. आता गणपतीच्या आदल्या आठवड्यात, दिवाळीत, रमजानच्या शेवटच्या दिवसांत खडे बाजारात संध्याकाळी सहानंतर कधी उभं राहून बघा. मी दिवसभर तेच वाचत असतो. नवीन आलाय ताई, फिटिंग बघा, ह्यावर हे फ्री, कार्ड चालतंय, हप्ते पण होतात. रात्री शटर ओढून हेडफोन लावला आणि ती यादी कानावर पडली की पहिल्यांदा मला हसू आलं, मग जरा गप्प झालो, कारण ज्या हेडफोनवर ऐकत होतो त्याचे तीन हप्ते राहिले होते. असलं गाणं साहेबांनी लंडनच्या माणसांसाठी केलं असेल, पण ते खडे बाजारात बरोब्बर बसतं. आणि तुम्ही म्हणालात ह्याचा आपल्याशी काय संबंध.

दुसरी तक्रार, ‘पॉर्क्युपाईन ट्रीसारखं नाही’. हे सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलं. गिटार कुठाय, ड्रम कुठाय, बँडचा ड्रमर गॅव्हिन हॅरिसन कुठाय. अरे बाबांनो, सोलो म्हणजे काय मग? बँडसारखंच करायचं असतं तर बँडच चालू ठेवला असता की. आणि बँड त्यानं पुन्हा केला पण, २०२२ ला ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ आला, तो तुम्हाला आवडला, चांगली गोष्ट आहे, मलाही आवडला. दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत. एका घरात दोन खोल्या असतात, स्वयंपाकघरात पलंग का नाही म्हणून कोण भांडतं का?

ह्या माणसानं किती केलंय ते एकदा मोजून बघा. पॉर्क्युपाईन ट्री १९८७ पासून. टिम बोनेसबरोबर नो-मॅन. अविव गेफेनबरोबर ब्लॅकफिल्ड. बास कम्युनियन म्हणून नुसत्या घुमणाऱ्या आवाजांचा प्रकल्प, जो मी पण पाच मिनिटांच्या वर ऐकू शकलो नाही, कबूल करतो. ओपेथ ह्या स्वीडिश मेटल बँडच्या मिकाएल ऑकरफेल्टबरोबर स्टॉर्म कोरोजन. वर ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ प्रोड्यूस केला तो वेगळाच. मग सोलो : २००८ ला ‘इन्सर्जंटीस’, २०११ ला ‘ग्रेस फॉर ड्राउनिंग’, २०१३ ला ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’, ज्याचं रेकॉर्डिंग ‘डार्क साइड ऑफ द मून’वाल्या ॲलन पार्सन्सनं केलं, २०१५ ला ‘हँड. कॅनॉट. इरेज.’, २०१७ ला ‘टू द बोन’, २०२१ ला हा, २०२३ ला ‘द हार्मनी कोडेक्स’, २०२५ ला ‘द ओव्हरव्ह्यू’. ह्यातला एकही अल्बम आधीच्यासारखा नाही. म्हणजे ‘आधीसारखं नाही’ ही तक्रार २००८ लाच करायला पाहिजे होती, आता उशीर झाला.

कुणीतरी मागून म्हणालं, ‘येवढं काढतोय म्हणून पातळ होलाय.’ ताक आहे का ते? जास्त पाणी घातलं की पातळ व्हायला? आपल्याकडं हे फार आहे, कमी काम करणारा तो थोर आणि जास्त काम करणारा तो कारखाना. माझे वडील आठवड्याला साड्या विणायचे, एक चांगली व्हायची, एक साधी, पण साध्या साडीमुळं चांगली साडी खराब झाली असं कधी बघितलं नाही मी.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात टोचली, ‘पैशासाठी डिस्कोला लागला, धोका दिला’ असं जे बोललं गेलं. धोका? विल्सननं स्वतः अनेक वेळा सांगितलंय की तो लहान असताना एका ख्रिसमसला त्याच्या आईवडिलांनी एकमेकांना रेकॉर्ड भेट दिल्या, वडिलांना मिळाली पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड’ आणि आईला डिस्को गाणाऱ्या डोना समरची. आणि दोन्ही त्या घरात सारख्याच वाजल्या. म्हणजे डिस्को ह्या माणसाकडं ५३व्या वर्षी पैशासाठी आलेला नाही, प्रोग (म्हणजे फ्लॉइडसारखं लांबलचक, गुंतागुंतीचं रॉक) आणि डिस्को दोन्ही एकाच दिवशी, एकाच झाडाखालून घरात आले. तुम्ही फक्त वडिलांची रेकॉर्ड लक्षात ठेवलीत, त्यानं ह्या खेपेला आईची काढली. ‘पर्सनल शॉपर’ खाली जो तो सिंथचा धागा पळत असतो ना, न थांबता, तो सरळ तिथून आलाय. आणि हे काही एकदम पण झालं नाही, ‘टू द बोन’वर ‘पर्मनेटिंग’ होतंच की, उड्या मारायला लावणारं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधे ते गाणं वाजवताना त्यानं स्टेजवर बॉलिवूड डान्सवाले आणले होते! तो व्हिडिओ बघून ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडणारे तुम्हीच होता.

इथं जरा विषय सोडून बोलतो. आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर सुळेभावी आहे. तिथं १९२४ ला कुमार गंधर्व जन्मले. लहानपणी मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे म्हणून नाव झालं, मग आजारपण आलं, देवासला गेले, एक फुप्फुस कामातून गेलं, आणि उठले तेव्हा वेगळंच गायला लागले. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील, हे घराण्यात बसत नाही म्हणून. आज आपण छाती पुढं काढून पाहुण्यांना सांगतो, आमच्या सुळेभावीचे. मी विल्सनला कुमारांच्या शेजारी बसवत नाही, उगाच कुणी तसं पसरवू नका, माझे मामा मला घरात घेणार नाहीत. एवढंच म्हणतो की गाणाऱ्यानं वळण घेतलं की लगेच त्याला गावाबाहेर काढायची घाई आपण तरी करू नये.

चौथी तक्रार आवाजाची. किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट, एक्सटीसी ह्या बँडांच्या जुन्या टेपा नव्यानं मिक्स करायला ज्याच्याकडं सोपवल्या गेल्या, त्या माणसाचा अल्बम आपण कशावर ऐकला? वरातीत सुटकेससारखा ओढत नेतात त्या एकाच डब्यावर, ब्ल्यूटूथनं, बास पूर्ण वर करून, आणि ज्याच्या फोनवर लावला त्याला मधे दोनदा कॉल आला. वर पत्र्यावर पाऊस. तिसऱ्या गाण्यात गेटवरनं मालगाडी गेली. ‘किंग घोस्ट’ सगळं डाव्या-उजव्या कानात फिरणाऱ्या बारीक आवाजांवर उभं आहे, त्यात तो एवढा वरच्या पट्टीत गातो की आवाज काचेसारखा वाटतो, आणि तुम्हाला ऐकू काय आलं तर ‘बायकांसारखं गातोय’. मालगाडीचा दोष विल्सनचा नाही. कॅम्पातल्या आपल्या मेंबरकडं चांगले दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आहे, पॉर्क्युपाईन ट्री लावला तेव्हा आणला होताच की, रिक्षात घालून. माझ्या वेळेला का नाही? विचारल्यावर उत्तर आलं, ‘इरली बिडु.’ असू दे सोड. नाही सोडत.

पाचवी तक्रार माझ्या भाचीची आहे. ती एकोणीस वर्षांची आहे, बीकॉमला, पहिल्यांदाच कट्ट्यावर आली होती. तिनं पॉर्क्युपाईन ट्री कधी ऐकलेलं नाही, त्यामुळं तिच्या डोक्यात ‘आधीचं चांगलं होतं’ हा किडा नव्हता. खोलीत त्या दिवशी कोऱ्या कानाची ती एकटीच होती. तिला ‘किंग घोस्ट’ आवडलं, दुसरं गाणं ‘सेल्फ’ नाही आवडलं, का नाही ते तिनं घरी येऊन मला नीट सांगितलं, फार ओरडून सांगतोय म्हणाली, हे तर आम्हाला माहीतच आहे, आम्ही दिवसभर त्याच फोनमधे असतो. माझ्यापेक्षा चांगली टीका केली तिनं. पण मतदानाच्या वेळी तिनं हात वर केला, विरोधात, तर तुम्ही म्हणालात नवीन माणसाचं मत धरायचं नाही. का? आणि लगेच कुणीतरी तिला चहा आणायला खाली पाठवलं. ती परत येणार नाही म्हणते. महिन्याला एक नवीन माणूस मिळत नाही म्हणून रडतो आपण.

आता तुमचं जे बरोबर आहे तेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल भक्त आहे.

अल्बम सगळा सोन्याचा नाही. आठवं गाणं ‘फॉलोअर’ मला पण अजून पटत नाही, मुद्दा आधीच सांगून झालेला आहे आणि पुन्हा तोच. ‘ट्वेल्व्ह थिंग्ज आय फर्गॉट’ ब्लॅकफिल्डच्या कुठल्याही अल्बममधे घातलं तर कुणाला कळणार नाही, शहापूरचे मास्तर हे म्हणाले ते शंभर टक्के खरं, पण मास्तर, ते गाणं गोड आहे हे पण म्हणा की. शेवटचं ‘काउंट ऑफ अनीज’ सहा मिनिटं जागचं हलत नाही, मला ते आवडतं, दुकान बंद करून घरी जाताना कपिलेश्वराच्या पुलावर सायकल हातात धरून चालताना ते बरोबर लागतं, पण दुसऱ्याला झोप येईल हे मान्य. आणि सगळ्यात मोठी गोची, जी तुमच्यातल्या बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी दोन वाक्यांत पकडली : खरेदीच्या वेडाची टर उडवणारा अल्बम, आणि विकला मात्र नाना प्रकारच्या पॅकिंगमधे. त्यात एक बॉक्स तर जगात एकच, किंमत दहा हजार पौंड! काका म्हणाले, ‘म्हणजे दारू सोडा म्हणून बाटलीवर लिहिलं.’ लाखात एक बोललात काका. फक्त पुढचं अर्धं पण सांगायला पाहिजे होतं, त्या एका बॉक्सचे पैसे म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला गेले, कोविडमधे बंद पडायला आलेल्या छोट्या कार्यक्रमाच्या जागा वाचवायला. हा अल्बम पण कोविडमुळंच २०२० च्या जूनवरून २०२१ च्या जानेवारीवर ढकलला होता. तरीही टर आणि धंदा एकत्र कसा, हा प्रश्न राहतोच. मला वाटतं त्याला पण तो प्रश्न माहीत आहे, म्हणून तर बॉक्स सेट त्या यादीत घातलेत, म्हणजे पहिली चपराक त्यानं स्वतःला मारलीय आणि मग आपल्याला. बघा, ह्याच्यावर आपण तासभर भांडू शकलो असतो. असल्या भांडणासाठीच तर कट्टा आहे. तेरा मिनिटांत आपण तो तास घालवला.

अजून एक. मार्चमधे ‘द ओव्हरव्ह्यू’ आला तेव्हा तुमच्यातल्या तिघांनी लिहिलं होतं, ‘विल्सन परत आला’. दोनच गाणी, एक तेवीस मिनिटांचं, एक अठराचं, अंतराळातून पृथ्वी बघितल्यावर माणसाच्या डोक्यात काय होतं त्याच्यावर. लांब गाणी आली, गिटार आली, तुम्हाला जुना माणूस भेटल्यासारखं झालं. पण परत आला म्हणजे? गेला कुठं होता? आणि त्याच तिघांनी जुलैत ‘२०१५ नंतरचं नको’ला हात वर केला. म्हणजे मार्चमधला अल्बम पण गेला की त्यात. वाचून तरी सही करा हो.

सीमाभागात राहून आपल्याला एक गोष्ट तरी कळायला पाहिजे होती असं मला वाटतं. पाटीवर काय लिहिलंय त्यावरून आत काय आहे ते ठरवायचं, हा खेळ आपण सगळ्यांनी भोगलाय, दोन्ही बाजूंनी. २०१४ च्या नोव्हेंबरात गावाचं नाव कागदावर बदललं, आजी मरेपर्यंत बेळगावच म्हणाली, शेजारचे कन्नड आजोबा आधीपासून बेळगावीच म्हणायचे, आणि दोघं एकाच नळावर पाणी भरायचे. आपला कट्टा ही मला ह्या गावातली एकच जागा माहीत होती जिथं पाटी विचारत नाहीत. तिथं आता ‘बँड चालेल, सोलो नको, २०१५ च्या अलीकडं नको’ अशी पाटी लागली. छोटी गोष्ट आहे, मला माहीत आहे. कुणाचं पोट त्याच्यावर नाही. पण छोट्या गोष्टीत सुद्धा तेच करायचं का आपण?

आणि माझा पण एक गुन्हा आहे तो लिहून टाकतो, नाहीतर रात्री झोप येणार नाही. दोन वर्षांपूर्वी निपाणीहून बसनं येणाऱ्या दोस्तानं त्याच्या पाळीला एक अल्बम आणला होता, नुसता ड्रम मशीन आणि कुजबुज, आणि तो दुसऱ्या गाण्याला बंद करायला लावणारा मीच होतो. हसलो पण होतो. तो नंतर तीन महिने आला नाही, आम्हाला वाटलं तंबाखूचा सीझन आहे, कामात असेल. आता कळलं कशाला आला नाही. दोस्ता, चुकलं माझं. तुझा अल्बम मी पुन्हा पूर्ण ऐकीन, आवडेलच असं वचन देत नाही.

तर मागण्या. जास्त नाहीत.

जिन्यातला कागद काढा. फाडू नका, मला द्या, मी ठेवून घेतो आठवण म्हणून.

ऑगस्टच्या बैठकीत ‘द फ्युचर बाइट्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं, न थांबवता लावा. कॅम्पातल्या त्या दोन स्पीकरवर, वायर लावून, फोन एअरप्लेन मोडवर टाकून. रिक्षाचं भाडं मी देतो. गाडी गेली तर गाणं थांबवून पुन्हा घ्या, रेल्वेचं टाइमटेबल काही आपल्या हातात नाही.

ऐकून झालं की कुणी काही बोलायच्या आधी प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, दोन ओळी पुरेत, नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्यानं बघावं. मग वाचायच्या. पहिला बोलणारा जे बोलतो तेच पुढचे दहा जण बोलतात हे मी इतकी वर्षं बघतोय, दुकानात पण तसंच असतं, एक बाई म्हणाली रंग जाईल की मागच्या चौघी साडी खाली ठेवतात.

नवीन येणाऱ्याचं मत पहिल्या दिवसापासून धरायचं. आणि चहा आणायला ज्याची पाळी असेल त्यानंच जायचं, त्यात वय आणि बाईमाणूस बघायचं नाही. माझ्या भाचीला संयोजकांपैकी कुणीतरी एकानं स्वतः फोन करून बोलवावं, मी सांगून ती येणार नाही.

आणि सालाची, बँडची, सोलोची अट कायमची रद्द करा. ज्याची पाळी त्याची निवड. नाही आवडलं तर गॅलरीत जाऊन उभं राहायला कुणाची ना नाही, तिथनं मालगाडी छान दिसते.

हे सगळं करून, ४२ मिनिटं ऐकून, चिठ्ठ्या वाचून, तुम्हा अकराच्या अकरांना अल्बम वाईट वाटला तर मी एक शब्द बोलणार नाही. सगळ्यांना कुंदा खायला घालीन, पुरोहितांच्या दुकानात रांगेत मी उभा राहीन. पण कशासाठी वाईट ते चिठ्ठीत पाहिजे. ‘गिटार नाही’ हे कारण चालणार नाही, ती सहाव्या आणि आठव्या गाण्यात कुठं कुठं आहे ते शोधून सांगा म्हणजे ऐकलंत ते कळेल.

कळावे, लोभ आहेच, तो असावा.

आपला,
खडे बाजारातला काउंटरवाला, मेंबर पहिल्या दिवसापासून

ता. क. : माझी तीन मीटरची ऑक्स वायर टीव्हीच्या मागं राहिलीय. कुणी घरी नेऊ नका, ऑगस्टमधे लागणार आहे.